जिम कॉर्बेट आणि त्यांचा रॉबिन

हिमालयाच्या पायथ्याशी कुमाऊँ नावाचा जो डोंगराळ प्रांत आहे, तेथील खेड्यापाड्यांतून एका गोऱ्या गृहस्थाचे नाव अद्यापि आदराने घेतले जाते. डोंगरी लोकांच्या जिभेस त्यांचे आडनाव नीटसे वळत नसे, म्हणून ते त्यांस कारपेट साहेब म्हणत. एडवर्ड जेम्स कॉर्बेट हे त्यांचे पूर्ण नाव. जगास ते जिम कॉर्बेट म्हणून ठाऊक आहेत. नरभक्षक वाघांचा काळ अशी त्यांची ख्याती सर्वतोमुखी झाली असल्यामुळे, चरित्र लिहिणारे बहुतेक लोक त्यांच्या वाघांची मोजदाद करीत बसतात. आम्हांस मात्र येथे त्यांच्या एका कुत्र्याविषयी, आणि त्या कुत्र्याच्या साहाय्याने ते जे एक अवघड कर्तव्य पार पाडीत त्याविषयी, अधिक सांगावयाचे आहे. ते कर्तव्य म्हणजे आपल्या गोळीने जखमी झालेल्या जनावराचा माग काढून त्याचा शेवट करणे. शिकारीच्या गोष्टी वाचताना आपले लक्ष बंदुकीच्या बारावर खिळते. बार चुकला अथवा अर्धवट लागला म्हणजे पुढे काय होते, हे विचारण्याचे आपल्या मनात येत नाही. कॉर्बेट यांच्या आयुष्यातील पुष्कळसा भाग या पुढच्या गोष्टीतच गेला आहे.

त्यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथील पोस्टमास्तर होते. कुटुंब मोठे, मिळकत बेताची. आणि जिम सहा वर्षांचे होण्यापूर्वीच वडील वारले. उन्हाळ्यात नैनिताल व थंडीत पायथ्याचे कालाढुंगी गाव असा या कुटुंबाचा दरसालचा क्रम असे. कालाढुंगीच्या घराभोवती रानच रान होते. त्या रानात हिंडण्यासाठी आठव्या वर्षी जिमला एका नातलगाकडून ठासणीची दुनळी बंदूक मिळाली. तिची एक नळी फुटलेली, आणि दस्ता पितळी तारेने आवळून बांधलेला! जवळच्या चांदनी चौक नावाच्या खेड्याचा मुखिया कुंवरसिंग हा त्या मुलाचा रानातील पहिला गुरू. हा ठाकूर पक्का चोरशिकारी होता हे लपविण्याचे कारण नाही. परंतु रान कसे वाचावे, कोणत्या पक्ष्याची हाक कशाची सूचना देते, वाट चुकल्यास काय करावे, हे सारे त्याच्याइतके दुसऱ्या कोणासही ठाऊक नव्हते.

जिमने पहिला बिबळ्या मारला तो वयाच्या दहाव्या वर्षी, शाळेच्या पलटणीतील रायफलीने. ही गोष्ट येथे मुद्दाम सांगावयाची ती अशासाठी की, पहिल्या गोळीने तो बिबळ्या मेला नाही. जखमी होऊन तो झाडीत दिसेनासा झाला. जखमी बिबळ्या किती भयंकर असतो याची पुरती कल्पना त्या पोरास नव्हती. तरी रक्ताचे थेंब पाहत पाहत तो एकटा मागोमाग गेला, आणि झुडपाआड पडलेल्या जनावरावर दुसरी गोळी झाडून त्याने काम पुरे केले. दहा वर्षांच्या मुलाने असे करावे हे आम्ही स्तुत्य म्हणत नाही. पण ज्या माणसाने पुढे पन्नास वर्षे जखमी जनावर कधी वाऱ्यावर सोडू नये असा कटाक्ष बाळगला, त्याच्या शिकारीचा आरंभ असा व्हावा हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडून ते रेल्वेच्या नोकरीत शिरले. पुढे गंगेच्या काठी मोकामा घाट येथे माल एका बाजूने उतरवून दुसऱ्या बाजूने चढविण्याचा ठेका त्यांनी घेतला, आणि सुमारे वीस वर्षे मजुरांच्या खांद्याला खांदा लावून ते काम केले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली पाचशे कुमाऊँनी माणसांची तुकडी घेऊन ते फ्रान्सला गेले. दुसऱ्या महायुद्धात, साठी उलटलेली असताना, सैनिकांस जंगलात कसे जगावे व लढावे याचे शिक्षण त्यांनी दिले. त्यांनी लग्न केले नाही. मॅगी नावाची बहीण जन्मभर त्यांच्याबरोबर राहिली.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १९०७ साली कॉर्बेट यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने नेपाळात दोनशे व कुमाऊँत दोनशे छत्तीस, मिळून ४३६ माणसे मारल्याची नोंद होती. सरकारने लावलेले बक्षीस मागे घ्यावे व इतर शिकाऱ्यांस परत बोलवावे, या दोन अटींवर त्यांनी हे काम पत्करले होते. बक्षिसासाठी जनावर मारणारा म्हणवून घेणे त्यांस रुचत नसे. वाघीण पडल्यावर त्यांनी तिचे तोंड उघडून पाहिले. उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले होते. वरचा अर्धा, खालचा तर पार हाडापर्यंत. ही जुनी बंदुकीची जखम होती. कोणी एकाने केव्हातरी एक गोळी झाडली, वाघीण निसटली, आणि झाडणारा घरी गेला. त्या मोडक्या सुळ्यांमुळे नेहमीचे भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले, आणि गवत कापावयास व पाला तोडावयास रानात जाणाऱ्या बायकांवर तिची धाड पडू लागली.

यावरून कॉर्बेट यांचे जे मत बनले ते पुढच्या प्रत्येक अनुभवाने दृढ होत गेले. त्यांचे म्हणणे असे की, वाघ हा स्वभावाने माणसाचा शत्रू नाही. म्हातारपणाने अथवा जखमेने तो लाचार झाला म्हणजेच माणसाकडे वळतो. जखमा दोन प्रकारच्या असतात. एक साळिंदराच्या काट्यांच्या: मुक्तेसरच्या वाघिणीचा एक डोळा साळिंदराने घालविला होता, आणि तिच्या पुढच्या पायात पन्नासएक काटे रुतलेले निघाले. दुसरी जखम माणसाच्या निष्काळजी गोळीची. पहिल्या प्रकारास कोणाचा इलाज नाही. दुसऱ्या प्रकाराचा दोष मात्र ते निःसंकोचपणे शिकाऱ्याच्या पदरी घालीत. घाईने केलेला बार हा अर्धा दोष. आणि जनावर जखमी झाल्यावर त्याचा पाठपुरावा न करणे हा उरलेला अर्धा. १९२१ साली रुद्रप्रयागच्या झुलत्या पुलावर दोन अंमलदारांनी तेथील नरभक्षक बिबळ्यावर गोळ्या झाडल्या. रक्त सांडलेले आढळले, शोधही झाला, पण बिबळ्या हाती लागला नाही. तो नरभक्षक आधीपासूनच होता हे खरे. तथापि त्या रात्री पायाची एक जखम घेऊन निसटलेला तो प्राणी १९२६ च्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे कॉर्बेट यांच्या हातून मरेपर्यंत, गढवालच्या यात्रामार्गावर माणसे मारीतच राहिला. त्याच्या एकूण बळींची सरकारी संख्या १२५ आहे.

परंतु जखमी जनावराचा पाठपुरावा करावा असे म्हणणे सोपे आहे. गवत पुरुषभर उंच, जमीन खडकाळ, रक्त थांबलेले. मग डोळ्यांनी माग दिसावा कसा? येथे माणसाचे चालत नाही, कुत्र्याचे चालते.

रॉबिनची हकीकत मोठी गमतीची आहे. कॉर्बेट यांस कुत्रा विकत घ्यावयाचाच नव्हता. एका परिचित बाईंबरोबर ते सहज गेले असता, एका झाडूवाल्याने घाणेरड्या टोपलीतून सात पिले हिरवळीवर ओतली. त्यांतले सर्वांत लहान व हडकुळे पिलू त्यांच्याभोवती एक फेरी घालून त्यांच्या दोन बुटांच्या मध्ये मुटकुळे करून बसले. सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. त्यांनी त्यास उचलून कोटाच्या आत घेतले, आणि पंधरा रुपयांस विकत घेतले. विकणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे ते स्पॅनियल जातीचे असून त्याचे नाव पिंचा होते. घरी आल्यावर पोटभर अन्न, ऊन पाणी व साबण यांची त्यास प्रथमच ओळख झाली, आणि पिंचाचा रॉबिन झाला. हे नाव एका जुन्या इमानी कुत्र्याचे होते. जिम सहा वर्षांचे व धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना त्या कुत्र्याने दोघांस चवताळलेल्या अस्वलीपासून वाचविले होते.

रॉबिनचे शिक्षण कसे झाले हे पाहण्यासारखे आहे. युरोपात, विशेषतः जर्मनीत, जखमी हरणांचा माग काढणाऱ्या कुत्र्यांच्या स्वतंत्र जाती जोपासल्या आहेत. हॅनोव्हर प्रांताच्या नावाची त्यांतील जात प्रसिद्ध आहे. तेथे रानात रक्ताचे थेंब टाकीत एक कृत्रिम माग तयार करतात, तो रात्रभर तसाच राहू देतात, आणि मग कुत्र्यास लांब पट्ट्याने धरून त्या मागावरून नेतात. शेवटी कातडे ठेवलेले असते, ते सापडले म्हणजे कौतुक. ही पद्धत उत्तम खरी. पण कालाढुंगीस असा काही सरंजाम नव्हता. बंदुकीच्या आवाजाची सवय व्हावी एवढ्याच हेतूने कॉर्बेट त्यास एका सकाळी बाहेर घेऊन गेले. इतक्यात एक लांडोर उडाली, आणि रॉबिन मागे आहे हे विसरून त्यांनी ती पाडली. ती जखमी होऊन काटेरी जाळीत पडताच एवढेसे पिलू तिच्यामागे आत घुसले. कॉर्बेट वळसा घालून पलीकडे पोचतात तो लांडोर मान ताठ करून मोकळ्या जागेतून पळत आहे, आणि तिच्या शेपटीस रॉबिन लोंबकळतो आहे! लांडोरीने लाथ मारून त्यास कोलांट्या खावयास लावल्या, तरी तो पुन्हा उठून तिच्यावर धावला. पहिला धडा तेवढाच. पुढे काही दिवस लावे, पारवे व तित्तर एवढ्यांवरच त्याचे काम चालले.

दुसरा धडा त्यास कोणी शिकविला नाही, तो त्याने स्वतःच घेतला. थंडीच्या आरंभी सर्व मंडळी डोंगरावरून खाली येत असता एक वानर रॉबिनच्या अगदी नाकासमोरून रस्ता ओलांडून गेले. शीळ न जुमानता रॉबिन त्याच्यामागे उतारावरून धावला, झुडपांत शिरला, आणि तत्क्षणी शेपूट पायांत घालून बाहेर पडला. त्याच्यामागे एक प्रचंड बिबळ्या झेपा टाकीत येत होता. कॉर्बेट यांच्याजवळ शस्त्र नव्हते. त्यांनी आरडाओरड केली, बहिणीच्या डोलीचे भोई ओरडले, शंभरएक वानरांनी एकच कल्लोळ केला, आणि अगदी शेवटच्या क्षणी बिबळ्या वळला. वानरांच्या मागे लागू नये, आणि वानर भयाने ओरडले म्हणजे जवळ बिबळ्या आहे, ह्या दोन गोष्टी रॉबिन त्यानंतर कधीही विसरला नाही.

यानंतर एक दुःखाची गोष्ट ध्यानात आली. लहानपणीच्या उपासमारीने त्याचे हृदय दुबळे झाले होते. थोड्याही धावपळीने त्यास मूर्च्छा येई. पक्ष्यांच्या शिकारीत धावावे लागते, म्हणून ते काम बंद झाले. धनी बंदूक घेऊन निघाला असता घरी बसावे लागणे याहून मोठी शिक्षा शिकारी कुत्र्यास नाही. म्हणून मोठ्या जनावरांच्या मागावर कॉर्बेट त्यास नेऊ लागले, कारण तेथे धावावयाचे नसते. पाऊल पाऊल, श्वास रोखून चालावयाचे असते. असा हा रोगी कुत्रा बिबळ्यांचा माग काढणारा झाला! दोघांची कामाची वाटणीही ठरलेली होती. जमिनीवर पावलांचे ठसे दिसत तोवर माग काढावा धन्याने; जनावर गवतात वा झाडीत शिरले की रॉबिनने.

पायी चालून शिकार करण्यात कॉर्बेट एक मोठा गुण मानीत. मचाणावर अथवा हत्तीवर बसलेला मनुष्य सहज म्हणून एखादा बार टाकतो. ज्यास जखमी जनावरामागे स्वतःच्या दोन पायांवर जावयाचे आहे, तो तसे करीत नाही. शिवाय समपातळीवरून मर्मस्थान साधणे अधिक सोपे असते. तरीसुद्धा चूक होतेच, आणि अशाच एका चुकीची गोष्ट त्यांनी स्वतः विस्ताराने लिहून ठेविली आहे.

एका सायंकाळी बहिणीबरोबर रानात असता त्यांनी एका मोठ्या बिबळ्यावर गोळी झाडली. ती त्याच्या शरीरातून आरपार गेली, पण हृदय थोडक्यात चुकले. बिबळ्या झाडीत घुसला, काही अंतर मोडतोडीचा आवाज आला व एकदम थांबला. सूर्य मावळतीस आला होता, घर चार मैल दूर, आणि बहिणीस एकटे सोडता येईना व बरोबरही नेता येईना. ते परत गेले, व दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रॉबिनसह त्या जागी हजर झाले. कुत्र्याने बिबळ्या उभा होता ती जमीन हुंगली, मान वर करून हवा हुंगली, आणि रक्त सांडले होते तेथपर्यंत तो गेला. पण कॉर्बेट लगेच पुढे सरले नाहीत. एका झाडाखाली कोरडी जागा पाहून दोघे बसले. पहाटेची वेळ, रानातील सर्व प्राणी जागे; त्यांस काय म्हणावयाचे आहे ते आधी ऐकावे असा त्यांचा विचार. थोड्याच वेळात चितळांच्या माद्या ओरडू लागल्या. रॉबिनने सावकाश मान वळवून धन्याकडे पाहिले, आणि तितक्याच सावकाश आवाजाच्या दिशेने वळविली. चितळांच्या ओरडण्याच्या तऱ्हेवरून बिबळ्या जिवंत आहे, व त्याने जागा बदलली, हेही कळले.

पुढे चितळांनी माणूस पाहिला व सारा बेत बिघडला. बिबळ्या शेपूट दाखवून झुडपांआड गेला. आता सर्व भार रॉबिनवर. येथे वासाची थोडी मीमांसा केली पाहिजे. माग म्हणजे केवळ रक्त नव्हे. जनावराच्या अंगाचा वास, पायाखाली चुरडलेल्या गवताचा वास, केसांचा वास, हे सर्व जमिनीवर राहते. दव व ओलावा त्यास धरून ठेवतात. कडक ऊन व कोरडा वारा त्यास उडवून लावतात. शिवाय प्रत्यक्ष लपून बसलेल्या जनावराचा ताजा वास वाऱ्यावरून येतो, तो निराळा. कॉर्बेट काही मिनिटे स्तब्ध उभे राहिले. बिबळ्या गेला त्या वेळचा वास वाहून जावा व बिबळ्यासही स्थिर होऊ द्यावे, हा हेतू. वारा उत्तरेकडून वाहत होता, म्हणून त्यांनी रॉबिनला सरळ पश्चिमेस, वाऱ्यास आडवे नेले. साठ-सत्तर यार्डांवर रॉबिन थांबला व त्याने वाऱ्याकडे तोंड केले. रानात तो कधीही भुंकत नसे. मात्र बिबळ्याचा वास ताजा असला म्हणजे त्याच्या मागच्या पायांतील एक शीर त्याच्या नकळत थरथरू लागे, व तेथील लांब केस हलू लागत. आता ते केस हलत होते; आणि त्याची नजर वादळात उन्मळून पडलेल्या एका झाडाकडे होती.

सरळ न जाता ते झाडाच्या बाजूने समांतर चालले. रॉबिन पुन्हा थांबला. त्याच्या नजरेच्या रोखाने पाहता बिबळ्याच्या शेपटीचे टोक सावकाश वर झाले व खाली गेले. पुढच्याच क्षणी बिबळ्या झेपावला. घाईच्या गोळीने तो किंचित वळला व कॉर्बेट यांच्या उजव्या खांद्याजवळून निघून गेला. एवढ्या गडबडीत ते छोटे जनावर धन्याच्या पायांपासून हलले नाही! दोघांनी पुन्हा रक्ताचा माग धरला. पण शेवटी बिबळ्या घाणेरीच्या तंबूएवढ्या जाळीत शिरला, तेव्हा हातात हलकी रायफल असल्याने त्या दिवशी माघार घेण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. दुसऱ्या सकाळी भारी रायफल घेऊन दोघे पुन्हा हजर.

याच पाठलागात तो एक प्रसंग घडला, की जेव्हा रॉबिन धन्यास सोडून गेला. इतक्या वर्षांत तो एकच. काही वेळाने तो परत आला. आणि झाले गेले विसरावे, पुन्हा त्याचा उच्चार करू नये, असे दोघांत न बोलता ठरले. बिबळ्याच्या पाठलागाची उर्वरित हकीकत वाचकांनी मूळ पुस्तकातच वाचावी. आम्हांस येथे एवढेच नमूद करावयाचे आहे की, हृदय दुबळे असलेल्या कुत्र्याने गर्जणाऱ्या जखमी बिबळ्यासमोरून एकदा पळ काढला हे नवल नव्हे. तो परत आला, हे नवल.

नरभक्षकांवरील हे पुस्तक १९४४ साली मुंबईत छापून प्रसिद्ध झाले. त्यात दहा प्रकरणे असून, चंपावतच्या वाघिणीनंतरचे दुसरेच प्रकरण रॉबिनचे आहे. ते लिहिले जात असता रॉबिन तेराव्या वर्षास लागला होता, व ज्या अंथरुणावरून तो पुन्हा उठणार नव्हता त्यावर धन्याच्या पायाशी पडून होता. तो पळाल्याची गोष्ट लोकांस सांगावी की नाही हे कॉर्बेट यांनी त्यास विचारले, आणि त्याने आपले आखूड शेपूट हलवून परवानगी दिली, असे त्यांनी लिहिले आहे. पंधरा रुपयांस घेतलेला हा कुत्रा हिंदुस्थानातील सर्व सोने दिले तरी ते विकणार नव्हते.

उत्तरवयात बंदुकीपेक्षा कॅमेरा त्यांस अधिक प्रिय झाला. १९३६ साली रामगंगेच्या खोऱ्यात जे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले त्याच्या स्थापनेस त्यांचे साहाय्य होते, आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वाघबिबळ्यांची शौकाची शिकार १९७२ च्या कायद्याने बंद झाल्यामुळे, रॉबिनने केले ते काम आता आपल्या देशात कोणा शिकारी कुत्र्यास करावे लागत नाही. १९४७ च्या अखेरीस कॉर्बेट व मॅगी ही भावंडे हिंदुस्थान सोडून केनियात न्येरी येथे जाऊन राहिली. तेथेच १९ एप्रिल १९५५ रोजी कॉर्बेट वारले. कालाढुंगीचे त्यांचे घर आता संग्रहालय झाले आहे, आणि छोटी हल्द्वानीच्या शेतांस रानडुकरांचा उपद्रव होऊ नये म्हणून त्यांनी गावाभोवती घातलेली दगडी भिंत अद्याप तेथे दिसते.